'खोलीचं तापमान', पण कुठल्या महिन्यातलं? रूट कॅनालच्या फायली आणि नागपूरची लॅब

दाढदुखी
एमडीएसच्या (दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीच्या) सिनॉप्सिसचा, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्यांचा मोसम सुरू आहे. टेबलावर ढीग पडलाय आणि दर तिसऱ्यात तेच: अमुक, तमुक आणि ढमुक फायलींच्या सायक्लिक फटीगची, म्हणजे फिरून फिरून थकून तुटण्याची तुलना. विषय वाईट नाही. पण पद्धत लिहिताना सगळे एक वाक्य डोळे झाकून उतरवतात: 'चाचणी खोलीच्या तापमानाला करण्यात येईल.' नागपुरात खोलीचं तापमान म्हणजे काय हो? डिसेंबरात सकाळी त्याच लॅबमध्ये स्वेटर घालून बसतात आणि मे महिन्यात लाइट गेली की स्टीलच्या ट्रेला हात लावायची सोय नसते.

ज्यांचा दातांशी संबंध फक्त दुखण्यापुरता आहे त्यांच्यासाठी थोडं. रूट कॅनालमध्ये मुळातली नस काढून ती पोकळी घासायची, धुवायची आणि भरायची असते. घासायला फायली. १५ नंबरच्या फाईलचं टोक ०.१५ मिमी, २५ नंबरचं ०.२५. मुठीचे रंग ठरलेले: पांढरी १५, पिवळी २०, लाल २५, निळी ३०. १८३८ मध्ये एडवर्ड मेनार्ड यांनी घड्याळाची स्प्रिंग घासून असं पहिलं हत्यार केलं, तिथून पुढे दीडशे वर्षं सगळा कारभार पोलादाचाच होता. पोलादाची अडचण अशी की वाकड्या मुळात जरा जाड फाईल गेली की ती सरळ व्हायला बघते आणि बाहेरची भिंत कोरत सुटते. १९८८ मध्ये वालिया, ब्रँटली आणि गर्स्टीन यांनी दात सरळ करायच्या निकेल-टायटॅनियम तारेतून १५ नंबरच्या फायली कातून पाहिल्या. वाकवायला आणि पिळायला त्या स्टीलपेक्षा दोन-तीन पट लवचीक निघाल्या. आज मोटरवर फिरणाऱ्या जवळपास सगळ्या फायली याच मिश्रधातूच्या, बोलीभाषेत निटी.

निटीची खोड ही, की ती न सांगता तुटते. स्टीलच्या फाईलचे पीळ आधी उलगडलेले दिसतात, निटीत बरेचदा काहीच दिसत नाही. तार मागेपुढे वाकवून आपण तोडतो तसंच मुळाच्या वळणावर होतं: प्रत्येक फेऱ्यात फाईलची एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते, आणि मिनिटाला ३०० फेरे. लॅबमध्ये हे मोजायला स्टीलच्या ठोकळ्यात खोटा कॅनाल कोरतात. बहुतेक ठिकाणी ६० अंशांचं वळण आणि ५ मिमी त्रिज्या घेतात. वर काच, आत तेल किंवा ग्लिसरीन, आणि फाईल तुटेपर्यंत फिरवत राहायचं. ३०० आरपीएमला २ मिनिटं टिकली तर ६०० फेरे. हा आकडा मग तक्त्यात जातो, तक्त्यातून कंपनीच्या माहितीपत्रकात, आणि तिथून आपल्या ओपीडीत.

माझं म्हणणं एवढंच, की जो आकडा तापमानाबरोबर हलतो तो तापमान न लिहिता छापू नये. थंड खोलीत उष्णोपचारित (कारखान्यातच तापवून गुणधर्म बदललेली) फाईल साध्या निटीपेक्षा कितीतरी जास्त टिकलेली दिसते. तीच चाचणी ३७ अंशांना केली की दोघींचंही आयुष्य घटतं, आणि उष्णोपचारितवालीची आघाडी बरीचशी विरघळते. फाईल शेवटी तोंडात फिरणार आहे, एसीच्या खोलीत नाही.

मतं येऊ द्या. दंतवैद्य नसलात तरी चालेल.

सीताबर्डी_लोकल
ताई, लेख आवडला पण वाचताना घाम फुटला. माझ्या डाव्या खालच्या दाढेत असाच तुकडा आहे. रूट कॅनाल केलं त्यांनी चकार शब्द काढला नाही. वर्षभराने दुसऱ्याच दातासाठी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो, तिथे एक्स-रेत दिसला. मुळाच्या खालच्या टोकाशी पांढरी रेघ. दुखत नाही काही. पण तोंडात लोखंड घेऊन फिरतोय ही भावना जात नाही. काढून टाकू का?

दाढदुखी
@सीताबर्डी_लोकल, आधी सांगायला हवं होतं, यात दुमत नाही. फाईल तुटणं हा निष्काळजीपणा असेलच असं नाही, पण न सांगणं हा नक्कीच. मोटरच्या निटी फायली तुटण्याचं प्रमाण साधारण १ टक्क्याच्या आसपास धरतात, म्हणजे रोज हे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या हातून कधी ना कधी तुटतेच.

तुकडा स्वतः विष नाही. प्रश्न असतो त्याच्या खाली काय राहिलं त्याचा. रूट कॅनालच्या आधी मुळाच्या टोकाला गळू किंवा काळा डाग नव्हता, आणि तुकडा अडकेपर्यंत आतली सफाई बरीच झाली होती, तर निकालात फार फरक पडत नाही. आधीपासून संसर्ग होता तर मात्र धोका वाढतो. काढायचं म्हटलं तर मायक्रोस्कोपखाली अल्ट्रासॉनिक टोकाने तुकड्याभोवतीचा दात कोरावा लागतो. वळणाच्या अलीकडे, सरळ भागात असेल तर निघतो. वळणाच्या पलीकडे, टोकाशी असेल तर त्या नादात मूळच भोक पडून किंवा चिरून जायचं. तुमचं दुखत नाही, सूज नाही, तर जुना आणि नवा एक्स-रे शेजारी ठेवून बघायला सांगा. टोकाशी नवीन काळेपणा नसेल तर वर्षातून एकदा एक्स-रे पुरे. आणि ते लोखंड नाही, निकेल-टायटॅनियम असण्याचीच शक्यता जास्त. तेवढं समाधान माना!

वितळबिंदू
धातुशास्त्रात हयात गेली, आता निवृत्त. ताईंनी तापमानाचा मुद्दा बरोबर धरला, त्यामागचं कारण जोडतो.

निटीचे दोन अवतार. गरम असताना ऑस्टेनाइट, ताठ आणि स्प्रिंगसारखा. थंड असताना मार्टेन्साइट, मऊ, वाकवाल तसा राहणारा. ज्या तापमानाला धातू पूर्ण ऑस्टेनाइट होतो त्याला ए-एफ म्हणतात. साध्या निटी फायलीचा ए-एफ शरीराच्या तापमानाखाली असतो, म्हणून ती तोंडात स्प्रिंगसारखी वागते. वाकवली की ताणामुळे तिथल्या तिथे मार्टेन्साइट तयार होतं, सोडली की परत ऑस्टेनाइट. उष्णोपचार करून हा ए-एफ वर ढकलतात, काही फायलींत ५० अंशांच्या घरात. अशी फाईल बोटाने वाकवली तर वाकडीच राहते, आणि उकळत्या पाण्यात टाकली की सरळ होते. मार्टेन्साइटमध्ये चीर सावकाश पुढे सरकते, म्हणून अशी फाईल जास्त फेरे टिकते.

आता आकडा. ऑस्टेनाइटचं मार्टेन्साइट करायला लागणारा ताण तापमानाच्या दर अंशामागे साधारण ६ ते ७ मेगापास्कलने वाढतो. डिसेंबरातली १८ अंशांची लॅब आणि मे मधली ४२ अंशांची, फरक २४ अंश. म्हणजे अंदाजे १५० मेगापास्कल (ताण मोजायचं एकक). साध्या निटीत हा रूपांतराचा ताण खोलीच्या तापमानाला ४००-५०० च्या आसपास असतो. एवढा फरक पडल्यावर दोन महिन्यांतल्या चाचण्या एका तक्त्यात घालणं म्हणजे दोन वेगळे धातू तपासणंच झालं.

कूलरची गंमत वेगळीच. विद्यार्थी मेमध्ये वाळ्याचा कूलर लावून मोजमाप घेतात. कूलर सुरू असताना आणि टाकी रिकामी झाल्यावर खोलीत काही अंशांचा फरक पडतो, आणि तो एकाच ग्रुपच्या पहिल्या आणि शेवटच्या फाईलमध्ये उतरतो. संख्याशास्त्रवाले त्याला प्रमाण विचलन म्हणून खपवतात.

तिसरा_मोलर
एमडीएस दुसरं वर्ष, त्यामुळे या ढिगात माझाही सिनॉप्सिस असू शकतो. 😅
ताई, बोलणं सोपं आहे. कॉलेजला वॉटर बाथ आहे, पण ठोकळा त्यात बुडवला की काचेतून तुटलेली फाईल नीट दिसत नाही आणि मोटरचा हँडपीस पकडायला स्टँड नाही. सिनॉप्सिस वेळेत नाशिकला, आरोग्य विद्यापीठात पोचायला हवा, एथिक्स कमिटीची तारीख आधीच जवळ आली. गाइड म्हणतात, 'जुन्या पेपरांत रूम टेम्परेचर आहे ना, तेच लिही.' आणि खरं सांगायचं तर फायली स्वखर्चाने घ्याव्या लागतात. प्रत्येक ग्रुपला १५-२० फायली, तीन-चार ग्रुप. तेवढ्यात एका सेमिस्टरची मेस निघते.

नखरेलदात
@तिसरा_मोलर, मग स्टीलच्या ठोकळ्याऐवजी खरे दात घे ना. मेडिकलच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात दात कमी पडणार आहेत का!

दाढदुखी
@नखरेलदात, दात भरपूर, सारखे दोन नाहीत. एका मोलरचं मूळ २० अंश वळलेलं, दुसऱ्याचं ४०. कुणाचा दात विशीत काढला, कुणाचा सत्तरीत हिरड्या सुटल्यावर. बरणीत वयाची चिठ्ठी नसते. फटीगसाठी म्हणूनच स्टीलचा ठोकळा बरा, वळण कायम राहतं. खरे दात लागतात ते भराव, चिकटपणा, सफाई तपासायला. तेव्हाही कशात साठवले ते बघा. ०.१ टक्का थायमॉल किंवा ०.५ टक्का क्लोरामाइन ठीक. फॉर्मॅलिनमध्ये वर्षभर पडलेला दात घेऊन चिकटपणा मोजला तर डेंटिनमधलं (इनॅमलच्या आतल्या थरातलं) कोलॅजनच बदललेलं असतं, मग मेगापास्कल कशाचे मोजलेत?

वणीवाला_दंतवैद्य
मी यवतमाळ जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो, शिक्षण नागपूरचं. लॅबवाल्यांना दोन गोष्टी सांगतो ज्या तुमच्या ठोकळ्यात येत नाहीत.

एक, खर्रा. तंबाखू-सुपारीचा, मशीनवर घोटलेला, पन्नीत बांधलेला. वीस वर्षं खाल्ला की गाल आतून दोरीसारखे ताठ होतात. तीन बोटं तोंडात जायला हवीत तिथे दीड जातं. मागच्या दाढेत २५ मिमीची फाईल हँडपीसला लावून सरळ उतरतच नाही. दाताच्या तोंडाशीच वाकवून घालावी लागते. म्हणजे मुळात एक वळण आणि वर आम्ही घातलेलं दुसरं. तुमच्या चाचणीत एकच. २१ मिमीची फाईल आणि लहान डोक्याचा हँडपीस वापरून कसंबसं निभावतो. 'इतके फेरे टिकते' असं कंपनीचा पोरगा सांगतो तेव्हा मी त्याला माझा पेशंट दाखवतो.

दोन, फ्लोराइड. आमच्याकडे, चंद्रपूरकडे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. दात खडूसारखे पांढरे, तपकिरी पट्ट्यांचे. वरचा इनॅमल अ‍ॅसिडला दाद देत नाही. पुस्तकात लिहिलंय ३७ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिड १५ ते ३० सेकंद. तेवढ्याने नेहमीची खडूसारखी पांढरट झाक येतच नाही. आधी वरचा थर हलकेच घासायचा, वेळ वाढवायचा, तेव्हा कुठे कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचा भराव) धरतं. आणि चिकटपणाच्या लॅब चाचण्यांत दात निवडताना पहिली अट काय असते? 'फ्लोरोसिस असलेले दात वगळले.' अरे, वगळलेलेच तर माझ्याकडे येतात!

सीताबर्डी_लोकल
@दाढदुखी, धन्यवाद ताई. आज झोप लागेल. जुना एक्स-रे शोधतो.

पऱ्हाटीवाला
काऊन जी डॉक्टरीनबाई, मले एक सांगा. पेशंटले कसं समजाव का आपल्या दातात घातलेली फाईल नवीन हाय का चौघाईच्या तोंडातून फिरून आलेली? तुमी म्हनता ३०० फेरे, ६०० फेरे. माह्या आधीच्या पेशंटनं चारशे खाल्ले असन तं मले किती उरले?

दाढदुखी
@पऱ्हाटीवाला, अख्ख्या धाग्यातला सगळ्यात नेमका प्रश्न. 🙂
बहुतेक कंपन्या आता 'एकदाच वापरा' असंच लिहितात. आपल्याकडे ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून) पुन्हा वापरतात, कारण एका पाकिटाचा खर्च. जंतूंचं म्हणाल तर व्यवस्थित ऑटोक्लेव्ह केलेली फाईल चालते, पण पाती आधी घासून साफ केली तरच, नाहीतर आतला कचरा शिजून तिथेच बसतो. फेऱ्यांचा हिशेब मात्र कुणीच ठेवत नाही. सरळ मुळाच्या समोरच्या दातात वापरलेल्या फाईलचं आयुष्य फार संपत नाही. वाकड्या दाढेत एकदा गेलेली माझ्याकडे सरळ डब्यात. तुम्ही विचारा, 'फाईल नवीन आहे का?' विचारलं म्हणून रागावणारा डॉक्टर असेल तर दुसरा गाठा.

वितळबिंदू
तुटलेल्या तुकड्यावरूनही कळतं. कॉलेजांतून विद्यार्थी फायली घेऊन व्हीएनआयटीत (नागपूरच्या अभियांत्रिकी संस्थेत) एसईएमला, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला येतात, तेव्हाची गोष्ट. तुटलेलं तोंड वर करून स्टबवर चिकटवायचं आणि हजारपट मोठं करून बघायचं. थकून तुटलेली असेल तर कडेला एका ठिकाणी चीर सुरू झालेली दिसते, बहुधा कातकामाच्या ओरखड्यापाशी. तिथून आत बारीक समांतर रेघा सरकत जातात आणि उरलेला भाग खड्ड्याखड्ड्यांचा, एका झटक्यात फाटलेला. पिळून तुटलेली असेल तर कडेने गोल घासल्याच्या खुणा आणि खड्डे मधोमध. म्हणजे टोक मुळात रुतून बसलं आणि मोटर फिरतच राहिली. पहिल्यात फाईल जुनी होती, दुसऱ्यात हात जड होता, असं ढोबळ मानाने म्हणता येतं. दोन्ही खुणा एकाच तोंडावर सापडतात तेव्हा मात्र वाद घालत बसावं लागतं.

नखरेलदात
फायलींवर एवढं बोललात, भरायच्या मसाल्याचं काय? मी असिस्टंट होते तेव्हा मेमध्ये जीआयसी (ग्लास आयोनोमर सिमेंट) घोटायच्या आधी काचेची स्लॅब फ्रीजमध्ये ठेवायचो. नाहीतर कॅप सिमेंट लावून दातावर बसवेपर्यंत वाटीतच दगड.

दाढदुखी
@नखरेलदात, अगदी. ग्लास आयोनोमर, म्हणजे विल्सन आणि केंट यांचं १९७२ चं सिमेंट, अ‍ॅसिड आणि काचेच्या भुकटीच्या रासायनिक क्रियेने घट्ट होतं. उष्णतेने क्रिया पळते. गार स्लॅबने हाताला जास्त वेळ मिळतो, फक्त तिच्यावर दव साचू द्यायचं नाही. आणखी एक, कोरडी हवा. सुरुवातीच्या काळात त्यातलं पाणी उडालं तर पृष्ठभागावर बारीक चिरा पडतात, म्हणून वर व्हार्निश किंवा व्हॅसलीन. नागपूरच्या मे महिन्यातल्या हवेत हे चुकवून चालतच नाही, आणि हे काम सगळ्यात आधी टाळलं जातं.

बाँडिंगच्या, म्हणजे भराव दाताला चिकटवणाऱ्या द्रवाच्या बाटलीचंही तसंच. अ‍ॅसिटोनवाली बाटली झाकण न लावता ठेवली की द्रावक उडून जातो, उरलेला चिकट द्रव दातात नीट मुरत नाही. बाटली तीच, तारीख आत, आणि महिनाभराने भराव सुटून पेशंटच्या हातात!

तिसरा_मोलर
थर्मोसायकलिंगमध्ये (भरलेला दात आलटून पालटून थंड-गरम पाण्यात बुडवण्याच्या चाचणीत) ५ आणि ५५ अंश धरतात, ते तरी नागपूरला लागू पडतं का?

वणीवाला_दंतवैद्य
उकळती तर्री आणि लगेच त्यावर बर्फाचा गोळा खाणारी माणसं मी पाहिलीत, त्यांना पडतं.

दाढदुखी
हाहा. ५ ते ५५ मर्यादा ठीकच आहे, @तिसरा_मोलर. त्यात ५०० फेरे घालून 'एक वर्ष वापर' असं जे लिहितात ते मला पटत नाही. ५०० फेरे म्हणजे फार थोडं. आणि फक्त ऊन-थंड देऊन चावण्याचा भार देतच नाहीत. मिथिलीन ब्लूमध्ये बुडवून रंग किती आत गेला हे मोजणाऱ्या चाचण्या तर आता बंद कराव्यात या मताची मी आहे. तो रंग रेणूने जीवाणूपेक्षा कितीतरी लहान. रंग शिरला म्हणून जंतू शिरतील असं होत नाही, आणि त्या निकालांचा भराव किती वर्षं टिकला याच्याशी मेळ बसत नाही.

नखरेलदात
मग ताई, लॅबच्या चाचण्या सगळ्या मोडीत काढायच्या का? काहीतरी तर मोजावं लागेल.

दाढदुखी
नाही, उलट. लॅबनेच १९८८ ला सांगितलं की ही तार वेगळी आहे. लॅबमध्येच हायपोक्लोराइटमध्ये क्लोरहेक्सिडीन मिसळलं की तपकिरी गाळ बनतो हे दिसलं, आणि आज आपण मध्ये सलाइनने धुतो. जी गोष्ट एकच चल बदलून, बाकी सगळं बांधून तपासता येते तिथे लॅबला तोड नाही. तीन कंपन्यांच्या तीन फायली घेतल्या की मात्र धातू वेगळा, छेद वेगळा, टेपर (टोकाकडून मुठीकडे जाड होत जाण्याचं प्रमाण) वेगळा, गाभ्याची जाडी वेगळी. मग जिंकली का, हे कुणालाच कळत नाही. फक्त जिंकली एवढंच.

@तिसरा_मोलर, तुझा सिनॉप्सिस माझ्याकडे नसेलही, पण ऐक. तीन कंपन्या सोड. एकच फाईल घे, एकच नंबर, एकाच बॅचची, आणि तीन तापमानं: २०, ३५ आणि ४५. ३५ यासाठी, की रुग्णाच्या दातात गार द्रावण सोडल्यावर आतलं तापमान आधी उतरतं आणि काही मिनिटांत पुन्हा ३५ च्या आसपास येऊन स्थिरावतं, हे मोजलं गेलंय. ४५ ला तोंडात कुणी जाणार नाही, पण आपल्या लॅबचा मे कळेल. पाकिटांचा खर्चही कमी होईल.

तिसरा_मोलर
ताई, ग्रुप तीनच ठेवले तर फायली पंचेचाळीसवर येतात! गाइडना पटवतो. पण ठोकळा गरम कसा ठेवू? बाथमध्ये दिसत नाही म्हटलं ना.

वितळबिंदू
बुडवू नकोस. ठोकळ्याला खालून भोक पाडून कार्ट्रिज हीटर बसव, नियंत्रक थर्मोकपलवर (तापमान मोजणाऱ्या तारेवर) चालव. थर्मोकपल ठोकळ्याच्या कडेला लावू नकोस, सगळे तिथेच लावतात. कॅनालच्या वळणापासून २ मिमीवर वेगळं बारीक भोक घे आणि त्यात खोच. स्टील कडेला आणि मध्ये सारखं तापत नाही. आतलं तेल स्थिर व्हायला पाच मिनिटं दे, मग फाईल घाल आणि फाईललाही अर्धा मिनिट दे. पंखा बंद.

तिसरा_मोलर
भोक कोण पाडून देईल सर? कॉलेजच्या वर्कशॉपवाल्याने ठोकळा बघूनच नाही म्हटलं, कडक केलेलं स्टील आहे म्हणे.

वितळबिंदू
कडक केल्यावर साधं ड्रिल चालणार नाही, स्पार्क इरोजनने (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवून) पाडावं लागेल. हिंगणा एमआयडीसीत डाय बनवणाऱ्यांकडे ते मशीन असतं. ड्रॉइंगवर भोकाचा व्यास थर्मोकपलपेक्षा ०.२ मिमी जास्त लिही, नाहीतर बसणार नाही. ड्रॉइंग आधी मला व्यनि कर.